कार्टूनच्या आतली माणसं

पूर्णगडहून मी तुमची बचत गट समन्वयक बोलतेय. मागच्या भागात आपण गटाच्या नोंदवह्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा निराळा आहे. आज आपण कार्टूनबद्दल बोलणार आहोत. लगेच रेडिओचा कान पिळू नका, दहा मिनिटं ऐका, मग ठरवा.

गटाच्या बैठकांत दोन गोष्टी सारख्या माझ्या कानावर येतात. पहिली अशी की, "मोबाइलवर कार्टून लावल्याशिवाय पोर तोंडात घास घेत नाही." दुसरी अशी की, "पोरीची चित्रकला चांगली आहे, तिला अ‍ॅनिमेशनचा कोर्स लावायचाय, गटातून कर्ज मिळेल काय?" पहिला प्रश्न चुलीपुढचा, दुसरा तिजोरीचा. दोन्हींचं उत्तर द्यायचं तर कार्टून म्हणजे काय, ते कोण बनवतं आणि कशासाठी बनवतं, हे आपल्याला ठाऊक हवं. बाजारातून तांदूळ आणताना आपण दाणा हातात घेऊन बघतो. पोरांच्या डोळ्यांत रोज तास-दोन तास जे जातं, ते मात्र न बघता घेतो.

चित्र हलतं कसं

आधी साधी गोष्ट सांगते. शंभर पानी वहीच्या कोपऱ्यात पहिल्या पानावर एक होडी काढा. दुसऱ्या पानावर तीच होडी, पण केसभर पुढे. तिसऱ्यावर आणखी थोडी पुढे. अशी चाळीस-पन्नास पानं झाली की अंगठ्याने वही भर्रकन सोडा. होडी चालू लागेल. चित्र काही हललेलं नसतं. एकामागून एक चित्रं इतक्या वेगाने डोळ्यांपुढून जातात की डोळ्याला ती सलग वाटतात. अ‍ॅनिमेशन म्हणतात ते एवढंच.

सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांपुढून जातात. कार्टूनवाले पुष्कळदा एकच चित्र दोनदा दाखवून सेकंदाला १२ चित्रांत भागवतात. आता आपल्या गटाच्या पद्धतीने हिशेब करू. सात मिनिटांच्या कार्टूनचे सेकंद झाले ४२०. सेकंदाला १२ चित्रं म्हटली तर ५,०४० चित्रं. एकटीने रोज वीस चित्रं काढायची म्हटलं तर २५२ दिवस लागतील. ते नुसतं काढणं. गोष्ट लिहिणं, मागचं झाड-घर-आभाळ रंगवणं, आवाज देणं, गाणं बसवणं हे वेगळंच. म्हणून कार्टून एकट्या माणसाचं काम सहसा नसतं. ते गटाचंच काम असतं.

ही कल्पना बरीच जुनी आहे. २८ ऑक्टोबर १८९२ या दिवशी पॅरिसमध्ये एमिल रेनो नावाच्या माणसाने हाताने रंगवलेली चित्रं पडद्यावर हलती करून लोकांना दाखवली. त्याची आठवण म्हणून २००२ पासून २८ ऑक्टोबर हा जगभर अ‍ॅनिमेशन दिवस म्हणून पाळतात. तारीख लक्षात ठेवा, शेवटी तिच्यावर येणार आहे.

पण चित्रांतून गोष्ट सांगणं आपल्याला पॅरिसने शिकवलेलं नाही. खाली सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर कलाकार पिढ्यानपिढ्या चित्रकथी करत आलेत. रामायण-महाभारताच्या चित्रांच्या पोथ्या, एकेक चित्र पुढे धरायचं आणि गात गात गोष्ट सांगायची. चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवून पडद्यावर सावल्यांचा खेळही ते करतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री मिळाली. दिवा, पडदा, हलणारं चित्र आणि सांगणारा आवाज, हे सगळं आपल्या कोकणात आधीपासून होतं.

मग दादासाहेब फाळके आले. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला हे आपण शाळेत शिकलो. त्याच्याआधी १९१२ साली त्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडंथोडं चित्रण करत रोप उगवताना दाखवलं. महिनाभराची वाढ लोकांनी काही क्षणांत पाहिली. ती पाहूनच पैसे लावणारा माणूस पुढे आला. पुढे 'आगकाड्यांची मौज' या फिल्ममध्ये त्यांनी आगपेटीतल्या काड्यांना हलवून नाचवलं. सावकाराला नुसता शब्द न देता उगवलेलं रोप दाखवायचं, ही गोष्ट आपण गटवाल्या बायकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आणि फाळक्यांचं नाव घेताना सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव राहून जातं. धंद्याला भांडवल हवं म्हणून त्यांचे दागिने गेले. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, ही कामं त्या शिकल्या आणि रात्री जागून त्यांनी केली. शिवाय कामावरच्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक होताच. तेव्हापासून या धंद्याच्या पायात बाईचं काम आहे, फक्त पाटीवर नाव नसतं.

जाळ्यातले पक्षी

आता ज्या कार्टूनसाठी मी हा विषय घेतला, त्याच्याकडे येते. माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या पुष्कळ जणींनी ते दूरदर्शनवर पाहिलं असेल. नाव 'एक अनेक और एकता'. सात मिनिटांची हिंदी फिल्म, साल १९७४. ताई धाकट्यांना 'एक' आणि 'अनेक' यांतला फरक समजावते आणि त्यासाठी एक गोष्ट सांगते. पक्षी दाणे टिपायला उतरतात, पारध्याच्या जाळ्यात अडकतात. घाबरून प्रत्येक जण आपापली फडफड करतो, त्याने काही होत नाही. मग सगळे मिळून एकदम उडतात आणि जाळ्यासकट आभाळात जातात. पुढे मित्र उंदीर ते जाळं कुरतडून त्यांना सोडवतात. गोष्ट पंचतंत्रातली, शेकडो वर्षांची. आपल्याकडे गट सुरू करताना काडी आणि मोळीची गोष्ट सांगतात, तिचीच ही बहीण म्हणा.

ही फिल्म दिग्दर्शित कोणी केली? एका मराठी बाईने. विजया मुळे त्यांचं नाव. जन्म १९२१ सालचा, मुंबईचा. लग्न होऊन पाटण्याला गेल्या. १९४६ साली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमध्ये लीड्सच्या विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या. १९४६ साल म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आधी, विचार करा. परत आल्यावर पाटण्यात आणि पुढे दिल्लीत चांगले सिनेमे एकत्र बसून बघायची मंडळं उभी करण्यात त्या पुढे होत्या. देशभरातल्या अशा मंडळांचा महासंघ १९५९ साली झाला, त्याचे अध्यक्ष सत्यजित राय होते आणि कामाची धुरा वाहणाऱ्यांत विजयाबाई होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी गट, मग ग्रामसंघ, मग प्रभागसंघ. त्यांची माणसं त्यांना अक्का म्हणायची.

१९७५ साली सरकारने एक मोठा प्रयोग केला. उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा. सहा राज्यांतली २,४०० गावं त्यासाठी निवडली. वर्षभर तो चालला. बिहार, ओडिशा, राजस्थानातल्या ज्या मुलांनी कधी टीव्ही पाहिला नव्हता, त्यांना शाळेच्या वेळात कार्यक्रम दाखवायचे होते. मुलांसाठीच्या फिल्मा बनवायच्या कामात दिल्लीच्या शिक्षण तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख म्हणून विजयाबाई होत्या. शहरातल्या खोलीत बसून खेड्यातल्या पोराला काय कळेल आणि काय आवडेल, याचा विचार करणं हे त्यांचं रोजचं काम होतं.

'एक अनेक'मधली चित्रं भीमसेन यांची. ते फाळणीत घर सोडून मुलतानहून इकडे आले होते आणि मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये चित्रांची पार्श्वभूमी रंगवत रंगवत कार्टून शिकले. संगीत वसंत देसाईंचं, म्हणजे आपल्या सावंतवाडीकडच्या माणसाचं. आणि त्यात गाणारा तो कोवळा आवाज साधना सरगम यांचा, तेव्हा त्या अगदी लहान होत्या. त्यांचा जन्म आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळचा. दिल्लीवरून देशभर गेलेल्या त्या सात मिनिटांत कोकणचा केवढा वाटा होता बघा. या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

गेल्या पावसाळ्यात वाडीतल्या सात-आठ मुलांना पडवीत बसवून मी ही फिल्म मोबाइलवर दाखवली. संपल्यावर एकाने विचारलं, "मावशी, उंदरांनी जाळं तोडलं तर त्या माणसाचं नुकसान नाही झालं?" त्याच्या घरी जाळं आहे. आई-आजी ओट्यावर बसून फाटलेलं जाळं विणताना तो रोज बघतो. जाळं तुटलं की घरात काय होतं हे त्याला ठाऊक आहे. मग पोरांची चांगलीच जुंपली. कोणी पक्ष्यांच्या बाजूने, कोणी जाळेवाल्याच्या. एक मुलगी म्हणाली, "त्याने मासे धरायचे, पक्षी कशाला?" सात मिनिटांच्या फिल्मवर अर्धा तास बोलणं चाललं. मोबाइलवर एकामागून एक कार्टून आपोआप लागत गेलं असतं तर तो प्रश्न त्याच्या मनातच राहिला असता, किंवा मनात यायला सवडच मिळाली नसती.

मीनाचा आंबा

दुसरं कार्टून तुमच्या ओळखीचं आहे. शाळेतल्या मीना-राजू मंचाबद्दल तुम्ही ऐकलं असेल, काहींच्या मुली त्यात असतील. ही मीना आली कुठून?

१९९० च्या दशकात युनिसेफने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ या देशांतल्या मुलींसाठी एक कार्टूनमधली मुलगी उभी करायचं ठरवलं. तिला रूप देण्यात मुंबईचे राम मोहन यांचा मोठा हात होता. १९५६ साली ते फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या डिस्ने कंपनीचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले होते, त्यांच्या हाताखाली ही सगळी पिढी तयार झाली. राम मोहन यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली.

मीना काढायच्या आधी गावोगाव जाऊन आया, मुलं, शिक्षक यांना विचारलं गेलं. नाव कोणतं आपलं वाटेल? कपडे कोणते घालू? साडी घातली तर एका देशाची वाटेल, सलवार-कमीज घातली तर दुसऱ्या. म्हणून तिला लांब घागऱ्यासारखा पोशाख दिला, जो कुठेही परका वाटू नये. मीना हे नाव असं, जे हिंदूंच्या घरात चालतं आणि मुसलमानांच्या घरातही. तिचा भाऊ राजू आणि तिचा पोपट मिठू.

तिची एक गोष्ट आंब्याची आहे, आणि आंब्याची गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको. मीना आंबा आणते, पण वाटणी होते तेव्हा मोठा वाटा भावाला. का, तर तो मुलगा. मग दोघं एक दिवस आपापली कामं बदलून घेतात. मीनाला दिवसभर किती काम असतं ते राजूला स्वतः केल्यावर कळतं, आणि ताटातली वाटणी घरच्यांना नव्याने बघावी लागते. दुसऱ्या एका गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून पोपट वर्गाबाहेर बसून आकडे शिकतो आणि तिला शिकवतो. ती कोंबड्या मोजायला शिकते आणि एक कोंबडी चोरीला गेलेली तिच्याच ध्यानात येते. मग बाप म्हणतो, हिला शाळेत घालायला हवं.

यात भाषण कुठे नाही. आंबा आहे, कोंबडी आहे, पोपट आहे. मला स्त्री-पुरुष समानतेवर बैठकीत तासभर बोलूनही जे सांगता येत नाही, ते मीना दहा-बारा मिनिटांत सांगते. कारण बनवणाऱ्यांनी आधी विचारलं, मग चित्र काढलं.

आपल्या मुलांपुढे काय लागतं

आज मुलं जे बघतात त्यातलंही पुष्कळ आपल्याच देशात बनतं. छोटा भीम २००८ साली हैदराबादच्या कंपनीने आणला. मोटू-पतलू २०१२ साली मुंबईच्या स्टुडिओतून टीव्हीवर आले. शेकडो तरुण मुलामुलींचं त्यावर पोट आहे, ती काही वाईट गोष्ट नाही. पण या धंद्यात पैसा कुठून येतो तेही कळायला हवं. फुकट दिसणारं कार्टून फुकट नसतं. मध्येमध्ये जाहिराती लागतात, आणि मूल जितका वेळ पडद्यापुढे बसेल तितक्या जाहिराती जास्त. म्हणून एक संपलं की दुसरं आपोआप लागतं. मूल उठू नये अशीच ती सोय असते. मोबाइलमध्ये हे आपोआप लागणं बंद करायचं बटण असतं. गटात एखादीला मोबाइल चांगला कळतो, तिच्याकडून ते आजच बंद करून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी असेल तितकं बरं. मला ठाऊक आहे, पहाटे मासळी घेऊन पावसच्या बाजाराला जाणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड. घरात म्हातारी सासू आणि रडणारं पोर, मग मोबाइलच हातात दिला जातो. त्यावरून कोणी कोणाला नावं ठेवायची नाहीत. पण जेवढा वेळ दाखवतो तेवढ्यात काय दाखवायचं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

त्यासाठी मी चार प्रश्न ठरवलेत. मुलाशेजारी एकदा बसून एक कार्टून पूर्ण बघा आणि हे स्वतःला विचारा. गोष्टीला शेवट आहे का, की नुसती पळापळ आणि आदळआपट? त्यातली मुलगी काय करते, स्वतः काही करते की फक्त वाचवली जाते? हसू कोणावर आणलंय, जाड्यावर, काळ्यावर, गरिबावर, तोतऱ्यावर? आणि बघून झाल्यावर मूल काय बोलतं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा. मूल गोष्ट सांगू लागलं, काही विचारू लागलं, तर ते कार्टून पोटात गेलं म्हणायचं. नुसतं "अजून एक लाव" म्हणालं तर भूक भागलेली नाही.

कोर्ससाठी कर्ज

आता तिजोरीचा प्रश्न. मागे आमच्या एका गटात असा अर्ज आला. सदस्येची मुलगी बारावी झालेली, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेली, गणपतीत तिची रांगोळी बघायला माणसं येतात. एका खाजगी क्लासवाल्याने अ‍ॅनिमेशनचा कोर्स सांगितला होता आणि नोकरीची पूर्ण हमी दिली होती. फी इतकी की गटाचं अंतर्गत कर्ज पुरलं नसतं, बँकेकडे जावं लागलं असतं.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, मुलीच्या शिक्षणाला नाही कसं म्हणायचं? दुसरा म्हणे, हप्ता कोण फेडणार? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. मग आम्ही क्लासवाल्याला काही गोष्टी लेखी मागितल्या. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं? मागच्या तुकडीतल्या किती मुलांना कुठे काम लागलं? मध्येच सोडलं तर फीचं काय? कॉम्प्युटर प्रत्येकाला वेगळा की तिघांत एक? लेखी उत्तर आलं नाही. हमी तोंडी होती, ती तोंडीच राहिली.

हा धंदा कसा चालतो तेही तेव्हा समजून घेतलं. अ‍ॅनिमेशन म्हणजे एक काम नाही. गोष्ट लिहिणारा वेगळा. गोष्टीचं चित्रांत टाचण करणारा वेगळा, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात, म्हणजे भिंतीवर ओळीने लावलेल्या कच्च्या चित्रांची गोष्ट. पात्राचं रूप ठरवणारा, मागचा देखावा रंगवणारा, पात्र हलवणारा, आवाज देणारा, सगळं जोडणारा, असे सगळे वेगळे. मुंबई, पुणे, हैदराबाद, बेंगळुरूच्या स्टुडिओंत परदेशातलं कामही येतं. काम पुष्कळदा एका मालिकेपुरतं, कंत्राटावर असतं. मालिका संपली की पुढचं काम मिळेपर्यंत थांबावं लागतं. ज्याला पक्कं चित्र काढता येतं आणि गोष्ट कळते तो टिकतो. नुसती बटणं शिकलेल्याला बटणं बदलली की पुन्हा शिकावं लागतं.

चांगल्या सरकारी संस्था आहेत. मुंबईत पवईला आयआयटीमध्ये आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे, तिथे अ‍ॅनिमेशन शिकवतात. अहमदाबादला एनआयडी आहे. चित्रकलेच्या पदवीसाठी मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय आहे, त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. प्रवेश अवघड आहे, पण तयारीला वेळ लागतो तो लागू द्यावा. कर्जाच्या हप्त्याला वाट बघायची सवय नसते.

शेवटी गटाने असं ठरवलं की आधी मुलीने घरी काहीतरी करून दाखवावं. फाळक्यांचा वाटाणा म्हणा. ब्लेंडर आणि क्रिटा नावाची दोन सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतात, अगदी कायदेशीर. ही फुकटची आहेत म्हणून हलकी समजू नका. 'फ्लो' नावाची, पुरात सापडलेल्या एका मांजराची फिल्म लॅटव्हिया या छोट्याशा देशातल्या तरुणाने ब्लेंडरवर केली. तिच्यात एकही संवाद नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या फिल्मा मागे टाकून २०२५ साली तिने ऑस्कर मिळवलं.

आमच्या मुलीने मामाच्या जुन्या लॅपटॉपवर तीन महिने खटपट केली. खाडीत होडी येते आणि बगळा उडतो, एवढंच, अकरा सेकंदांचं. पण त्या अकरा सेकंदांनी तिला कळलं की हे काम किती चिकाटीचं आहे, आणि तिच्या आईलाही कळलं की पोरगी नुसती मोबाइल बघत नाही. गटाने तिला सीईटीच्या तयारीसाठी आणि साहित्यासाठी लहान कर्ज दिलं. हप्ता आई भरते, आतापर्यंत वेळेवर. प्रवेश मिळेल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. पण मिळाला नाही तरी घर कर्जात बुडणार नाही.

ज्यांची मुलं या वाटेवर जाऊ म्हणतात, त्यांनी मुंबईला गेल्यावर पेडर रोडचं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय दाखवून आणावं. २०१९ साली ते सुरू झालं, तिथे मुलांसाठी वेगळा विभाग आहे. माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा मिफ हा आंतरराष्ट्रीय महोत्सवही मुंबईत १९९० पासून भरतो, साधारण वर्षाआड. मे २०२५ मध्ये मुंबईत वेव्ह्ज नावाचं मोठं संमेलन झालं, त्यात अ‍ॅनिमेशन करणाऱ्या नव्या मुलांसाठी स्पर्धा होत्या. अशा ठिकाणी एकदा जाऊन आलं की क्लासच्या रंगीत पत्रकापेक्षा जास्त कळतं.

आपण काय करू शकतो

शेवटी कामाचं. येत्या २८ ऑक्टोबरला किंवा त्या आठवड्यातल्या बैठकीच्या दिवशी प्रत्येक ग्रामसंघाने तासभर मुलांसाठी ठेवावा, असं मी सुचवते. खर्च काही नाही. एक मोबाइल, पाट किंवा स्टूल, आणि गणपतीच्या कारखान्यात उरलेली मूठभर शाडू माती. मातीचा मासा करायचा, पाटावर ठेवायचा, मोबाइल हलणार नाही असा टेकवायचा आणि फोटो काढायचा. मासा करंगळीभर पुढे, पुन्हा फोटो. सेकंदाला पाच फोटो धरले तर वीस सेकंदांना शंभर फोटो लागतील. असे फोटो जोडून हलवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. पोरांच्या हातातला मासा स्वतः पोहायला लागला की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. आणि आपण बघतो ते कोणीतरी बनवलेलं असतं, हे त्या दिवसापासून त्यांना कळतं.

गोष्ट कोणती घ्यायची? बाहेर शोधायला नको. आजीकडे आहेत, मोहल्ल्यातल्या आपांकडे आहेत, नमनातल्या संकासुराकडे आहेत. समुद्राच्या, भुताच्या, कोल्ह्याच्या, तुफानात परत आलेल्या होडीच्या. १९३४ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'जंबू काका' नावाचं कार्टून काढलं, त्याचा नायकही कोल्हाच होता. आपल्या म्हाताऱ्या बायका गेल्या की त्यांच्याबरोबर या गोष्टी जातील. मुलांना हिंदीतून बोलणारी कार्टून पाठ आहेत, पण आजी वापरते ते शब्द कळत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. तर आजीच्या आवाजात, आजीच्या बोलीत ती गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करा. तिच्यावर मुलांनी चित्रं काढावीत. हलवता आली तर हलवावीत, नाही आली तर पिंगुळीसारखी एकेक दाखवून सांगावी.

रेकॉर्ड केलेली गोष्ट आपल्या रेडिओ केंद्रावर आणून द्या. दोन ते पाच मिनिटांची असावी, सांगणाऱ्या बाईची परवानगी घ्यावी, तिचं आणि वाडीचं नाव सुरुवातीला सांगावं. सरस्वतीबाईंसारखं तिचं नाव मागे राहायला नको. चांगल्या गोष्टी आम्ही मुलांच्या वेळेत लावू, आणि चित्रं काढलेल्या मुलांची नावंही वाचू.

पुढच्या भागात काजू बोंडाच्या सरबताचा हिशेब घेऊन येते. तोवर आज संध्याकाळी एकच करा. पोर कार्टून बघत असेल तर पाच मिनिटं शेजारी बसा, आणि संपल्यावर विचारा, "काय झालं रे त्यात?" नमस्कार.